अंगठाबहाद्दर घडवताना

मुलाचे दात अंगठ्याच्या बळावर कायमचे पुढे आणायचे, तर पहिली अडचण अशी आहे की, बहुतेक मुले अंगठा चोखणे आपणहूनच सोडून देतात. आईच्या पोटात असतानाच लागलेली आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर साऱ्या घराने कौतुकाने पाहिलेली ही सवय साधारण दोन ते चार वर्षांच्या दरम्यान हळूहळू सुटते, आणि तोवर दातांची ठेवण थोडीफार बिघडली असली तरी तीही पुष्कळदा आपोआप सावरते. तेव्हा ज्या पालकांना या अंगठ्याकडून काही कायमस्वरूपी कामगिरी हवी आहे, त्यांनी चौथा वाढदिवस झाल्यावर विशेष दक्ष राहावे. सहाव्या वर्षाच्या सुमारास खालचे पटाशीचे कायमचे दात उगवू लागतात, सातव्या-आठव्या वर्षी वरचे येतात, आणि त्यांच्या स्वागताला अंगठा जागेवर हजर असला पाहिजे.

दात हाडात खिळ्यासारखे ठोकलेले असतात, हा गैरसमज प्रथम मनातून काढून टाकावा. दाताला जोराचे फारसे कौतुक नाही, त्याला चिकाटी आवडते. दोन मिनिटे मुलाने कितीही त्वेषाने चोखले तरी दात ढिम्म हलत नाही, पण हलकाच दाब रोज चार ते सहा तास मिळाला की तो मुकाट्याने सरकू लागतो. एवढे तास कुठून आणायचे, या चिंतेने खचून जाऊ नये. रात्रीची झोप आपल्या हाताशी आहेच, आणि तेवढ्याने भागले नाही तर दुपारी मुलाच्या एका हातात मोबाइल द्यावा, दुसरा हात आपली वाट आपण शोधतो.

एकदा अंगठा आत स्थिरावला की त्याचे काम पाहण्यासारखे असते. पेराची मऊ बाजू टाळूला आणि वरच्या दातांना मागून रेटते, त्यामुळे ते ओठांबाहेर डोकावू लागतात. नखाची बाजू खालच्या दातांवर टेकते आणि त्यांना जिभेकडे कलवते. दोहोंच्या मध्ये अंगठाच ठाण मांडून बसल्यामुळे पुढचे दात पुरते उगवत नाहीत, मागच्या दाढा मात्र बिनदिक्कत वाढतात, आणि दाढा गच्च मिटल्या तरी समोर एक खिडकी उघडीच राहते. शिवाय एरवी टाळूला टेकून वरच्या जबड्याला आतून आधार देणारी जीभ खाली ढकलली जाते, चोखताना गाल बाहेरून दाबतात, आणि जबडा निमुळता होऊन वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसू लागतात. इतके सगळे एका अंगठ्यात, तेही फुकट. नंतर हेच उलट दिशेने करायला ऑर्थोडॉन्टिस्ट तारा लावून दोन-दोन वर्षे घेतो आणि वर पैसेही घेतो.

पुढच्या दातांनी काही तोडता आले नाही तर मूल उपाशी राहील, अशी शंका इतर शहरांतल्या लोकांनी खुशाल घ्यावी. आपण इंदूरकर आहोत. रात्री सराफ्यातल्या सोन्याचांदीच्या पेढ्यांची शटरे खाली आली की तिथे जे जे पानात पडते, त्यातल्या फारच थोड्या गोष्टींना पटाशीचे दात लागतात. भुट्टा दातांनी सोलून खाणे हे काम बिचाऱ्या अन्य प्रांतीयांचे. आपल्याकडे त्याचा दुधात शिजवलेला कीस मिळतो. गराडूचे, म्हणजे तळलेल्या कंदाचे, तुकडे करूनच देतात, दहीवडा जिभेवर विरघळतो, शिकंजी तर प्यायचीच असते. माझ्या एका भाच्याने तर दाढा मिटलेल्या ठेवून त्या खिडकीतून इंदुरी शेवेची एकेक काडी आत सरकवण्याची कला साधली होती, आणि पाहुणे आले की घरची मंडळी मोठ्या अभिमानाने त्याला ती करून दाखवायला लावत. पुढे त्याच खिडकीतून जीभ बाहेर डोकावू लागली आणि तो सराफ्याला ‘थराफा’ म्हणू लागला, तेव्हा त्याचेही कौतुकच झाले.

या भाच्याचा अंगठा मी एकदा नीट हातात घेऊन पाहिला. नऊ बोटांना सकाळच्या पोह्यांची हळद लागलेली, आणि दहावे मात्र पांढरेफटक, सुरकुतलेले, पेरावर दाताने पडलेला घट्टा, पण स्वच्छ असे की २०१७ पासून स्वच्छतेत अव्वल येणाऱ्या आपल्या शहराने त्याचाही सत्कार करावा.

सवय पक्की करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे चारचौघांत हसणे. भीती, कंटाळा किंवा झोप आली की मूल अंगठ्याचा आसरा घेते, म्हणून ‘एवढा मोठा घोडा झालास, लाज नाही वाटत?’ असे आजोबांनी दिवसातून तीनदा विचारले की आसऱ्याची गरज आपसूक वाढते. अंगठ्याला मिरची लावण्याचा घरगुती उपायही उत्तम आहे. मूल त्याच हाताने डोळे चोळते, रडून रडून थकते आणि मग शांत होण्यासाठी दुसऱ्या हाताचा अंगठा वापरते.

सावध राहायचे ते दंतवैद्यापासून. तो मुलाला नजरेसमोर आरसा देतो, त्याच्याशीच बोलतो, झोपताना हातावर मोजा चढवायचे त्याच्याच तोंडून कबूल करून घेतो, आणि फारच गरज पडली तर टाळूशी तारेची छोटी जाळी बसवतो, म्हणजे अंगठ्याला तिथे टेकायला जागाच उरत नाही. याहून घातक म्हणजे एखादी शिकलेली मावशी. ती सुचवते की, ज्या रात्री अंगठा तोंडात गेला नाही त्या तारखेवर मुलाने स्वतः चांदणी चिकटवावी आणि आठवडा भरला की त्याला छप्पन दुकानावर, म्हणजे आपल्या खाऊगल्लीत, न्यावे. हा उपाय पुष्कळदा लागू पडतो, म्हणून तो वेळीच मोडून काढणे आवश्यक आहे. तिला नम्रपणे सांगावे की, मावशी, कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिलेला आहे, चांदण्यांना जागा नाही.