परदेशी नगररचना घरी आणण्याची रीत

परदेशातून नगररचनेची एखादी कल्पना मुंबईत आणायची असेल, तर तिचे चित्र तेवढे उचलावे आणि हिशेब तिकडेच ठेवून यावे. विमानात सामानाच्या वजनाला मर्यादा असते आणि हिशेब फार जड असतात.

उदाहरण उद्यान-नगरीचे घ्यावे. एबेनेझर हॉवर्ड या लंडनच्या लघुलेखकाने १८९८ साली आपल्या पुस्तकात असे मांडले की, ६,००० एकर जमिनीपैकी १,००० एकरांवर नगर वसवावे, उरलेल्या जमिनीवर शेती राखावी, वस्ती ३२,००० वर थांबवावी आणि सगळी जमीन विश्वस्तांच्या हाती ठेवून तिच्या वाढत्या भाड्याचा पैसा नगराच्याच कामी लावावा. १९०३ साली इंग्लंडमधील लेचवर्थला त्याचा पहिला प्रयोग सुरू झाला. यातले जमिनीचे आणि भाड्याचे कलम आपण वाचू नये. त्याने झोप उडते. ‘उद्यान’ हा शब्द मात्र अवश्य घ्यावा, कारण तो इमारतीच्या नावापुढे शोभतो आणि त्याला चटईक्षेत्र (म्हणजे बांधकामाला मिळणारे परवानगीचे क्षेत्रफळ) लागत नाही.

आपल्या पूर्वजांना ही युक्ती साधली नव्हती. प्लेगने हादरलेल्या मुंबईत त्याच १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि पुढे दादर-माटुंग्याच्या आखणीत त्याने खरोखरच रुंद रस्ते, झाडे आणि पाच बागा ठेवल्या. (हिंदू कॉलनीत भर दुपारी सावलीतून चालता येते, ही त्या काळच्या व्यवहारशून्यतेची खूण समजावी.) १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला आलेले स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस तर याहून गैरसोयीचे गृहस्थ होते. जुनी वस्ती सरसकट पाडण्याआधी गल्लीबोळांतून पायी हिंडावे, तिथले जगणे समजून घ्यावे आणि अगदी आवश्यक तेवढेच काढावे, असे ते सांगत. त्यांचे नाव भाषणात घ्यावे. चालायला मात्र जाऊ नये, पावसात बूट खराब होतात.

चालणाऱ्यांचा प्रश्न आपण हाँगकाँगच्या धर्तीवर सोडवावा. तिथले उंच पादचारी मार्ग एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत नेतात, म्हणून माणसे ते वापरतात. आपण मार्ग घ्यावा, इमारती सोडाव्यात. २००८ साली वांद्रे पूर्वेला पहिला स्कायवॉक आला, तेव्हापासून जिना चढायचा, पूल ओलांडायचा आणि पुन्हा त्याच फेरीवाल्यांच्या गर्दीत उतरायचे, हा व्यायाम मुंबईकरांना फुकट मिळतो. पदपथ रुंद करणे स्वस्त पडले असते. पण पदपथाचे उद्घाटन करायचे म्हटले, तर फीत बांधणार कुठे?

सध्या पॅरिसमुळे गाजलेले ‘पंधरा मिनिटांचे शहर’ आणण्याची घाई आहे. कार्लोस मोरेनो यांच्या या कल्पनेनुसार शाळा, दवाखाना, बाजार आणि शक्य तर कामाची जागाही घरापासून पायी किंवा सायकलने पंधरा मिनिटांत असावी. ती आणण्यापूर्वी एक पथ्य पाळावे. वाणी, गिरणी, शाळा, देऊळ आणि नाट्यगृह हे सगळे चपला घालून पोहोचता येईल अशा अंतरावर असलेल्या गिरगावातील चाळी आधी पाडून घ्याव्यात. नंतर त्या जागी सात मजले मोटारींचे आणि चाळीस मजले माणसांचे बांधावेत, माहितीपत्रकावर ‘सर्व सुविधा पंधरा मिनिटांवर’ असे छापावे आणि ती मिनिटे पहाटे चार वाजता मोटारीतून मोजावीत.

पोडियमवर, म्हणजे मोटारींच्या मजल्यांच्या गच्चीवर, थोडी हिरवळ लावायला विसरू नये. तिच्या चारही कोपऱ्यांत ‘गवतावर चालू नये’ असे फलक उभे करावेत.