खुलासा: डिस्कलेस लॅबमध्ये 'कसलाही क्लायंट चालतो' हे खरं नाही

शाळांच्या कॉम्प्युटर लॅब सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'एलटीएसपी टाका, भंगारातला ५१२ एमबी रॅमचा पीसीही पळतो, सगळा पैसा सर्व्हरच्या प्रोसेसरवर घाला.' कृपया यावर विसंबून खरेदी करू नका. (एलटीएसपी म्हणजे एका मुख्य मशीनवरून, म्हणजे सर्व्हरवरून, बाकीची मशीन नेटवर्कने लिनक्सवर चालू करणारं सॉफ्टवेअर. ही बाकीची मशीन म्हणजे क्लायंट; त्यांना स्वतःची डिस्क लागत नाही, म्हणून लॅब डिस्कलेस.)

हे वर्णन जुन्या थिन क्लायंट पद्धतीचं आहे. तेव्हा प्रोग्रॅम सर्व्हरवर चालायचे. एलटीएसपी २०१९ मध्ये नव्याने लिहिलं गेलं. आता सर्व्हर फक्त सिस्टिमची इमेज (तयार प्रत) पुरवतो. ब्राउझर, लिबरऑफिस क्लायंटच्याच प्रोसेसरवर आणि रॅममध्ये चालतात. खात्री करायची तर क्लायंटवर टर्मिनल उघडून 'फ्री' (free) कमांड द्या. दिसते ती रॅम त्याच मशीनची असते. चालू असताना लिहिल्या जाणाऱ्या सिस्टिमच्या तात्पुरत्या फाइलीही त्याच रॅममध्ये साठतात आणि डिस्कवरच्या स्वॅपचा (रॅम कमी पडल्यावर वापरायच्या जागेचा) आधार नसतो. म्हणून क्लायंटला २ जीबी तरी हवी, ब्राउझर वापरायचा तर ४ जीबी घ्याच.

सर्व्हर म्हणून एसएसडी आणि गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) नेटवर्क पोर्ट असलेला चांगला डेस्कटॉप छोट्या लॅबला पुरतो. खरी अडचण स्विचची, म्हणजे सगळी मशीन केबलने एकमेकांना जोडणाऱ्या डब्याची. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून सेकंदाला जेमतेम १२ एमबी जातात; तास सुरू होताना २० मशीन एकदम चालू झाली की प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा-पाऊण एमबी. स्विच गिगाबिटच घ्या. जुनं मशीन घेण्याआधी बायोसमध्ये (मशीनच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये) नेटवर्क बूट, म्हणजे नेटवर्कवरून चालू होण्याची सोय, आहे का ते पाहा.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.