कुंडीतलं तपकिरी प्रकरण

नर्सरीत मी सहज म्हटलं, "हे गवत द्या," तर नर्सरीवाल्याचा चेहराच पडला. "ताई, गवत नाही हे, सेज आहे. कॅरेक्स." मग त्याने मला उभ्या उभ्या शिकवणी दिली. गवताची काडी गोल, पोकळ, पेरं असलेली. सेजची काडी भरीव, बिनपेरांची आणि तिधारी. चिमटीत धरून फिरवायची, बोटाला कडा लागल्या की समजायचं सेज. मला हे इतकं आवडलं की पुढचा आठवडाभर मी दिसेल ती काडी चिमटीत धरून फिरवत होते.

आता कॅरेक्सचे जगात २००० च्या आसपास प्रकार आहेत म्हणे, त्यात पिवळ्या पट्ट्यांचे आहेत, निळसर आहेत, चांगले हिरवेगार आहेत, आणि मी उचललं न्यूझीलंडकडचं तपकिरी बुकॅनानी. तपकिरी हा त्याचा जन्मजात रंग. फोटोत काय झकास दिसतं, तांब्याची तार कुरळी करून लावल्यासारखं! घरी आणल्यावर मात्र ते पाणी न घातलेल्या झाडासारखं दिसायला लागलं. येणारा प्रत्येक जण हळहळायचा. नवऱ्याने दोनदा उपटायला घेतलं, दोन्ही वेळा मी धावत जाऊन वाचवलं. शेजारच्या काकू तर रोज "अगं सुकलं ते, काढून टाक आता" म्हणायच्या, सांत्वनाच्या सुरात.

मग आम्ही आठ दिवस गावाला गेलो आणि कुंड्यांना पाणी घालायचं काम काकूंवर सोपवलं. त्यांनी अगदी मनापासून सगळ्या कुंड्यांना पाणी घातलं, फक्त हिला सोडून. "मेलेल्याला कशाला उगाच पाणी?" कॅरेक्सला माती ओलसर लागते हो, अशी कोरडीठाक नाही चालत. आता पंचाईत अशी की जिवंतपणीही तपकिरी आणि मेल्यावरही तपकिरी, त्यामुळे ते गेलंय की आहे हे मलासुद्धा सांगता येईना.

त्यात ह्याचे केस विंचरावे लागतात. खरंच. बारमाही पानांचं कॅरेक्स बुडापासून भादरायचं नसतं, बोटं घालून वाळलेली पाती तेवढी ओढून काढायची. तपकिरीतलं वाळकं ओळखायचं कसं? तर ओढून बघायचं, हातात आलं ते मेलेलं. माझ्या हातात बरंच आलं. शिवाय पात्यांच्या कडा बारीक करवतीसारख्या, तीन बोटं कापून घेतल्यावर मला हातमोजे आठवले. तासाभराने कुंडीला मधोमध टक्कल पडलं होतं आणि मी बँडेज शोधत होते.

आणि मग पंधरा दिवसांनी त्या टकलातून कोंब आले! हिरवेगार, टोकदार, भराभर वाढणारे. हिरवे कसे, अशी शंका आली होती, नाही असं नाही, पण पिंपळाची नवी पालवी नाही का वेगळ्या रंगाची असते, तसंच असेल असं मी स्वतःला समजावलं आणि खत सुरू केलं. पुढे काडी वर आल्यावर चिमटीत धरून फिरवली तर तिधारी! संशय फिटला. दोन महिने खतपाणी, ऊन्हातून सावलीत, सावलीतून ऊन्हात, फॅमिली ग्रुपवर फोटो, काकूंना मुद्दाम बोलावून दर्शन, सगळं झालं.

मग आई आली राहायला. तिने चहाचा कप हातात घेऊन कुंडीत एकदाच बघितलं.

"लव्हाळा कशाला लावलास गं कुंडीत?"

"आई, सेज आहे ते. काडी बघ, तिधारी आहे."

"मग लव्हाळ्याची काय चौकोनी असते?"

बसले की मी खालीच. लव्हाळाही सेजच, एकाच कुळातला चुलतभाऊ, आणि जगातल्या सगळ्यात चिवट तणांत त्याचं नाव. पुरात मोठी झाडं वाहून जातात आणि लव्हाळी तेवढी वाचतात, ते पुराचं झालं, इथे तर मी त्याला वर दर पंधरवड्याला खत घालत होते.

उपटायला बसले तर पाती हातात यायची आणि गाठ खाली राहायची. आई म्हणाली, "ओढू नकोस, गाठींची माळ असते त्याला, एक तोडलीस की बाकीच्या जाग्या होतात." शेवटी आख्खी कुंडी उपडी केली. मधोमध माझं कॅरेक्स निघालं, मूठभर, तपकिरी, जिवंत की मेलेलं देव जाणे. मुळं धुतली, त्यात अडकलेल्या गाठी सुईने काढाव्यात तशा काढल्या, नवीन माती भरून परत लावलं. कंबरेचा पार काटा ढिला झाला, पण मी खूश होते.

"जुनी माती कुठे टाकलीस?" आईने विचारलं.

"वाया कशाला घालवायची, एवढं खत होतं त्यात," मी म्हटलं, "गुलाबांच्या वाफ्यात पसरली."

आईने कप खाली ठेवला.