वॉर्डातला न मोजलेला माणूस

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नर्सिंगबद्दल हक्कानं बोलणाऱ्या दोघीच. एक माझी मावसबहीण, सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका. दुसरी मी, वेल्समध्ये घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या डिस्ट्रिक्ट नर्सिंगच्या टीममध्ये. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या परिचारिका संपावर गेल्या तेव्हा या ग्रुपवर चुलतभावानं लिहिलं, "पगार घेतात आणि रुग्णांना वाऱ्यावर सोडतात." बहिणीनं वाद घातला नाही. आदल्या आठवड्यातल्या रात्रपाळीचा हिशेब तेवढा टाकला: मेडिसिनचा वॉर्ड, खाटा चाळीस, रुग्ण बासष्ट, सिस्टर दोघी. त्यावर कुणीच काही लिहिलं नाही.

बासष्ट रुग्ण आणि दोन सिस्टर असतील तर रात्र पार कशी पडते, हा प्रश्न कुणालाच का पडला नाही? मला वाटतं, उत्तर सगळ्यांना माहीत होतं. रात्र नातेवाइकांच्या जिवावर पार पडते.

आपल्याकडची चर्चा मी इथून बारकाईनं वाचत असते. २०२२ च्या मे महिन्यातला संप बाह्यस्रोतातून, म्हणजे ठेकेदारामार्फत, सिस्टर भरण्याविरुद्ध होता. २०२५ मध्ये वेतनातल्या त्रुटी आणि पुन्हा कंत्राटी भरती. मागण्या रास्त आहेत आणि मी त्यांच्या बाजूनं आहे. ठेकेदाराकडून अकरा महिन्यांसाठी आलेली मुलगी वॉर्ड ओळखू लागते तोवर तिची मुदत संपते. पण दोन्ही वेळा वाद 'मंजूर पदं किती, रिक्त किती' इथंच फिरत राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. त्या आठवड्यात औषधं, डॉक्टर, अधिष्ठाता यांच्याबद्दल पानंच्या पानं आली. नवजात कक्षात त्या रात्री किती सिस्टर होत्या आणि त्या बाळांसाठी किती जणींची गरज होती, यावर मी शोधशोध शोधलं तरी फार थोडं सापडलं.

मंजूर पद म्हणजे कधीतरी कुणीतरी कागदावर घातलेला आकडा. रुग्णाला आज काय लागतंय, याच्याशी त्याचं नातं नसतं. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकवतानाच पाठ करून घेतात: शिक्षण रुग्णालयात, म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयात पाचांमागे एक. बहिणीच्या वॉर्डात त्या रात्री ते प्रमाण एकतीसास एक होतं. अशा वॉर्डात मीही सहा वर्षं काढली आहेत. "सलाईन संपत आलं की सांगा हं," हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन, मोजदाद नाही. ते बोलताना मी माझं काम रुग्णाच्या घरच्या, झोप न झालेल्या एका बाईकडे देत होते, हे तेव्हा मला कळत नव्हतं. कूस बदलणं, भरवणं, भांडं देणं, अंग पुसणं, ताप चढला की धावत येऊन सांगणं, रक्ताची पिशवी आणायला जाणं, सगळं तिच्याकडे. पासवर आत आलेली ती बाई खाटेखाली चटई टाकून झोपते, दिवसाची मजुरी बुडवते आणि कुठल्याच तक्त्यात तिचं नाव नसतं.

परदेशातल्या संशोधनातलं काय आपल्या कामाचं, असं मला गावाकडे विचारतात. म्हणून जरा सविस्तर सांगते. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये, एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांतली तीनशे रुग्णालयं आणि चार लाखांवर रुग्ण घेऊन पुन्हा पाहिलं, तेव्हाही आकडा तोच आला, ७ टक्के. पुढे इंग्लंडमध्ये पोर्ट्स्मथच्या रुग्णालयातल्या नोंदींवरून पीटर ग्रिफिथ्स यांच्या गटानं दाखवलं की दाखल झाल्यावरच्या पहिल्या पाच दिवसांत, नर्सचं बळ वॉर्डाच्या सरासरीपेक्षा कमी असलेला प्रत्येक दिवस मृत्यूचा धोका सुमारे ३ टक्क्यांनी वाढवतो.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो इंग्लंडमधलाच २०१४ चा एक अभ्यास. त्यात नर्सना साधा प्रश्न विचारला होता: मागच्या पाळीत वेळ नाही म्हणून काय करायचं राहून गेलं? ८६ टक्के जणींनी किमान एक तरी गोष्ट राहिल्याचं सांगितलं. सगळ्यांत जास्त राहून गेलं होतं ते रुग्णाशी बोलणं, त्याला धीर देणं. मग रुग्णाला समजावून सांगणं, मग त्याच्या सेवेचं नियोजन. औषधं सहसा राहत नव्हती, माणूस राहत होता.

हाच प्रश्न उद्या आपल्या एखाद्या जिल्हा रुग्णालयात विचारला तर? कूस बदलली का? बदलली, मुलानं. भरवलं का? भरवलं, सुनेनं. राहून गेलेलं बरंचसं काम 'झालं' या रकान्यात जाईल. तुटवडा खरा असूनही दिसणार नाही, कारण तो घरच्या माणसानं अंगावर घेतलेला असतो. ज्याच्यामागे कुणीच नाही अशा रुग्णाचं मात्र सगळंच राहून गेलेलं असतं. एकाच कुशीवर पडून राहून त्याच्या पाठीवर झालेली जखम सांगते तेवढं मनुष्यबळाबद्दल मंजूर पदांचा तक्ता सांगत नाही.

आपल्याकडे नर्सिंगमध्ये संशोधन होतं, भरपूर होतं. एम.एस्सी.ला प्रत्येकीला प्रबंध लिहावाच लागतो. माझा होता, बाळंतिणींना स्तनपानाची माहिती देण्याच्या नियोजित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता. आधी चाचणी, मग शिकवणं, मग पुन्हा चाचणी, गुण वाढले, निष्कर्ष सिद्ध. माझ्या बरोबरीच्या बहुतेकींचे विषय याच साच्यातले होते, फक्त आजार आणि गाव बदललेलं. आम्हाला 'रात्रपाळीत काय राहून गेलं' हा विषय घ्यावासा वाटला असता तरी त्या प्रश्नावलीला परवानगी कोण देणार होतं? उत्तर ठाऊक असलेला प्रश्न विचारायला आमच्या व्यवस्थेत धाडस लागतं, आणि ते धाडस तेविशीतल्या विद्यार्थिनीकडून अपेक्षिणं बरोबर नाही. हे काम आरोग्य विज्ञान विद्यापीठानं, परिषदेनं, सरकारनं अंगावर घ्यायचं असतं.

वेल्समध्ये २०१६ मध्ये परिचारिकांच्या संख्येबद्दल कायदा झाला. युरोपातला अशा प्रकारचा पहिला. मोठ्या माणसांच्या मेडिसिन आणि सर्जरीच्या वॉर्डांना त्याची मुख्य तरतूद एप्रिल २०१८ पासून लागू झाली, मुलांच्या वॉर्डांना ऑक्टोबर २०२१ पासून. त्या कायद्यात 'इतक्या रुग्णांमागे एक' असा ठोकळ आकडा नाही, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. रुग्ण किती आजारी आहे याच्या पाच पातळ्या ठरवल्या आहेत. नेहमीच्या देखभालीवरचा रुग्ण पहिल्या पातळीवर, ज्याच्याजवळून हलता येत नाही असा पाचव्या. या नोंदी, वॉर्डातल्या सिस्टरांचा अनुभवी अंदाज आणि सेवेत काय बिघडलं याचे दाखले, म्हणजे पाठीवरच्या जखमा, पडणं, औषधांच्या चुका, हे तिन्ही एकत्र ठेवून त्या वॉर्डाला किती जणी लागतील हे काढतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण यासाठी वर २६.९ टक्के धरतात. इन्चार्ज सिस्टर या मोजणीबाहेर. ठरलेली संख्या रुग्णांना कळवणं बंधनकारक आहे, म्हणून वॉर्डाच्या दारावर ती लावलेली असते, वेल्श आणि इंग्रजी दोन्ही भाषांत. इथं आल्यावर पहिल्या आठवड्यात मी त्या कागदासमोर बराच वेळ उभी राहिले होते.

म्हणून इथं सगळं आलबेल आहे, असं मी म्हणणार नाही. १५ डिसेंबर २०२२ ला इथल्या परिचारिकांच्या संघटनेनं, रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगनं, आपल्या इतिहासातला सर्वांत मोठा संप सुरू केला, पगारासाठी आणि सुरक्षित संख्येसाठीही. कायद्यानं आकडा ठरतो, माणूस तयार होत नाही. तो आकडा भरायला आमच्यासारख्यांना आणलं जातं. ब्रिटनच्या परिचारिकांच्या नोंदवहीत परदेशात शिकलेल्यांमध्ये भारतीयांचा क्रमांक आता पहिला आहे. माझ्या शिक्षणाचा खर्च महाराष्ट्रानं केला, माझे हात इथं लागतात. मला याची बोचणी आहे आणि ती असायलाच हवी. परत का येत नाहीस, या बहिणीच्या प्रश्नाला मी अजून सरळ उत्तर दिलेलं नाही. एका पाळीत एकतीस रुग्ण सांभाळणं मला आता जमणार नाही, हे खरं उत्तर आहे.

शिवाय माझं आजचं काम त्या कायद्याच्या मुख्य तरतुदीत बसत नाही. वॉर्डाला भिंती असतात, खाटा भरल्या की भरल्या. घरं मोजता येत नाहीत. सकाळी यादीत अकरा जण असतात: इन्सुलिन, पायाच्या जुनाट जखमेची घट्ट पट्टी, लघवीची नळी बदलणं, शेवटच्या दिवसांतल्या माणसाच्या वेदनाशामकाचा पंप. दुपारी यादी चौदावर गेलेली असते आणि नाही म्हणता येत नाही. इंग्लंडमध्ये २०१९ पर्यंतच्या दहा वर्षांत पात्र डिस्ट्रिक्ट नर्सची संख्या चाळीस टक्क्यांहून अधिक घटली, तीही रुग्णालयातून लोकांना लवकर घरी पाठवण्याचा आग्रह वाढत असताना. म्हणजे घरातली सेवा इथंही आधी विसरली जाते.

तरीही घरी पाठवलेल्या माणसाकडे कुणीतरी जातं. अण्णांकडे कुणी गेलं नाही.

माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला. बारा दिवसांनी नाकातली नळी आणि लघवीची पिशवी यांच्यासह त्यांना गावी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावं आणि 'पंधरा दिवसांनी दाखवणे'. नळीतून भरवायचं कसं, हे वहिनीला वॉर्डातल्या मावशींनी दहा मिनिटांत दाखवलं होतं. त्या मावशींचे आमच्यावर उपकार आहेत. बाकी मी व्हिडिओ कॉलवरून सांगत होते: नळी जागेवर आहे का बघ, डोकं उचलून धर, पाठ बघ, टाचा बघ. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात आशाताई आहेत, उपकेंद्र आहे, तिथं एएनएम सिस्टर आहेत. आशाताई दोनदा चौकशीला आल्या, आपणहून. पण असा रुग्ण त्यांच्या कामाच्या यादीतच नव्हता.

हेच बाळ असतं तर? दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी आशाताईंच्या घरभेटींचे दिवस ठरलेले आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. भेटींची नोंद आहे, मोबदलाही आहे. हे वेळापत्रक आलं कुठून? गडचिरोलीतून. अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याच्या 'सर्च' या संस्थेनं एकोणचाळीस गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली आणि नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आणला. १९९९ मध्ये तो अभ्यास छापून आला आणि २०११ पासून घरभेटी देशभराच्या झाल्या. त्याआधी, १९७० पासून, जामखेडला मेबल आणि रजनीकांत आरोळे यांनी लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांना गावाच्या आरोग्याची जबाबदारी देऊन दाखवली होती. नेदरलँड्समधल्या बुर्टझोर्ग या संस्थेच्या शेजारसेवेचं इथं फार कौतुक होतं, मीही ते करते. बारा-बारा नर्सच्या टीम स्वतःचं काम स्वतः ठरवतात, ही गोष्ट कौतुकाचीच आहे. पण गावात जाऊन गरज मोजायची आणि तिच्यावरून माणसं ठरवायची, हे शिकायला महाराष्ट्राला समुद्र ओलांडायची गरज नाही.

मग नवजात बाळासाठी जे जमलं ते अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी का नाही? २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढचे लोक दहा टक्क्यांच्या घरात होते. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या, म्हणजे पूर्वीच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या, बारा सेवांत वृद्धांची आणि वेदनाशामक सेवा लिहिलेली आहे. ती सेवा कोण देणार, आठवड्यातून किती घरं, किती वेळ, वाटेत किती किलोमीटर, हे धरून काढलेली पदसंख्या मात्र मला कुठं वाचायला मिळाली नाही. उपकेंद्राचा निकष अजून लोकसंख्येचा आहे, सपाटीवर पाच हजार, डोंगरात तीन हजार. पाच हजारांत कूस बदलून द्यावी लागणारे किती, हे एका तालुक्यात तरी घरोघरी जाऊन मोजावं. आणि एका जिल्हा रुग्णालयात एक महिना प्रत्येक पाळीला लिहावं की कोणतं काम सिस्टरनं केलं, कोणतं नातेवाइकानं, कोणतं कुणीच नाही. पुढच्या संपात संघटनेनं वेतनत्रुटीच्या मागणीशेजारी ही मागणी ठेवली तर चुलतभावासारखी माणसंही त्यांच्या बाजूला येतील, कारण त्या नोंदीत ती स्वतः असतील. अण्णा दाखल असताना पाच रात्री खाटेजवळ तोच बसला होता.

अण्णा चार महिने होते. त्यांच्या पाठीला शेवटपर्यंत जखम झाली नाही. मी गेले तेव्हा वहिनीनं मुलाची अर्धी उरलेली शाळेची वही दाखवली. मी फोनवर सांगितल्याप्रमाणे तिनं त्यात दर दोन तासांची कूस लिहून ठेवली होती. इथं आम्ही भरतो त्या तक्त्यात जे असतं ते सगळं त्यात होतं: वेळ, बाजू, त्वचेचा रंग, लघवी किती. रात्रीच्या नोंदी पेन्सिलीनं, अंधारात लिहिलेल्या, ओळी एकमेकींवर चढलेल्या. मी वही मागितली. तिनं दिली नाही. "राहू दे इथंच," म्हणाली, आणि देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात परत ठेवली.