दार्जिलिंग पाणचट नाही हो!
चहावरच्या एका लेखात दार्जिलिंग चहाला 'पाणचट' म्हटलंय, ते काही पटलं नाही. सीटीसीसारखा, म्हणजे नेहमीच्या दाणेदार चहासारखा, खळखळ उकळलात तर कडू काढाच होणार! मार्च-एप्रिलच्या पहिल्या तोडणीची पानं उकळी मोडलेल्या पाण्यात 3 मिनिटं झाकून ठेवा, दूध नको. फिकट सोनेरी रंग, फुलांसारखा वास, जिभेच्या कडांना किंचित तुरटपणा. मे-जूनच्या दुसऱ्या तोडणीत पिकल्या द्राक्षांसारखा गोडसर गंध येतो. मला तोच जास्त आवडतो.

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी सासूबाई एक घोट घेऊन म्हणाल्या, "कप विसळलेलं पाणी दिलंस का गं?" त्यांना आसामचा दाणेदारच लागतो, आलं-गवती चहा घातलेला, साय धरणारा. तलावपाळीला पावसात भिजल्यावर मीही तोच पिते म्हणा.