कव्हर घट्ट बांधून आणि पाच मिनिटं इंजिन चालवून गाडी गंजायची थांबत नाही

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, मलाच तिघांनी पाठवला. म्हणणं असं की गॅरेजमध्ये लाईट नसली, हीटर वगैरे काही लावता येत नसलं तरी चार गोष्टी करा, बाईक सहा महिने जशीच्या तशी राहते: प्लास्टिकचं कव्हर घट्ट बांधा, आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन चालू करा, गाडीखाली मिठाचं भांडं किंवा सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि सगळीकडे डब्ल्यूडी-४० (डब्यातला तेलकट स्प्रे) मारा. लाईटशिवाय गाडी चांगली ठेवता येते हे अगदी खरं आहे. पण यातली एक गोष्ट पाणी आत कोंडते, दुसरी तर नवीन पाणी तयार करते, म्हणून राहवलं नाही.

आधी कव्हर. गॅरेजमध्ये गाडीवर पाणी येतं ते बहुतेक वेळा छतातून नाही, हवेतून येतं. रात्रभर गार पडलेलं एवढं धूड सकाळी हवा तापली म्हणून लगेच तापत नाही, आणि हवा २५ अंश, आर्द्रता ८० टक्के असेल तर साधारण २१ अंशांच्या खाली असलेल्या कुठल्याही धातूवर दव धरतंच. त्यात खालचं काँक्रीट ओल सोडत असतं ती वेगळीच. आता वरून प्लास्टिक घट्ट बांधलं की ही सगळी वाफ आतच फिरते. मी स्वतः असं बांधून ठेवलेलं कव्हर उघडलंय, आतून हात फिरवला तर तळवा ओला, आणि फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) पाईपवर, ऑइल आत अडवणाऱ्या रबरी सीलच्या जरा वर, टाचणीच्या डोक्याएवढे नारिंगी ठिपके. ठिपके छोटे दिसतात पण पाईप वरखाली झाला की तेच सील खरवडतात आणि मग फोर्कमधून ऑइल गळायला लागतं.

प्लास्टिक वर नको, खाली हवं. फरशीवर दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि एक दिवसाने उचलून बघा, खालून थेंब दिसले तर ओल जमिनीतून येतेय. मग जाड प्लास्टिक, त्यावर प्लायवूड आणि त्यावर गाडी. अंगावर हवा खेळेल असं कापडी कव्हर किंवा नुसती जुनी सुती चादर, धुळीपुरती. कोरडा वारा असेल त्या दिवशी दार उघडा, गारठ्यानंतर अचानक उबदार दमट हवा आली तर मात्र बंदच ठेवा, हे बरेच जण उलट करतात.

पाच मिनिटं इंजिन चालवण्याचा मुद्दा सगळ्यात जास्त नुकसान करतो, कारण ऐकायला तो काळजी घेतल्यासारखा वाटतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांबच्या राईडमध्ये सायलेन्सर तापतो आणि ती निघून जाते, पण पाच मिनिटांत सायलेन्सर आतून गारच असतो, पाणी तिथेच साचतं आणि तो आतून सडतो. थोडी वाफ इंजिन ऑइलमध्येही उतरते, ऑइल नीट तापत नाही म्हणून उडून जात नाही, ऑइल भरायचं झाकण उघडलं की आत दुधाळ पिवळट साय दिसते ती हीच. वर सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढं गेलं तेवढं उभ्या गाडीचं इंजिन नुसतं चालू ठेवून बहुतेक परत भरतही नाही. एकतर इंजिन पूर्ण तापेल अशी चांगली अर्ध्या तासाची राईड मारा, नाहीतर हातच लावू नका.

मीठ. साधं मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं ते आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावर, आणि लोखंडाचा गंज साधारण ६० च्या पुढेच जोर धरतो, म्हणजे मीठ जागं होईपर्यंत गंजाचं काम सुरू झालेलं असतं, आणि ते खारं पाणी गाडीजवळ सांडलं तर गंजाला आयतं निमंत्रण. सिलिका जेल चांगलंच, पण बंद जागेत. दाराखाली दोन बोटं फट असलेल्या गॅरेजमध्ये चार पुड्या काय करणार? टूलबॉक्समध्ये किंवा झिप बॅगेत हेल्मेटबरोबर ठेवा, तिथे उपयोग होईल.

डब्ल्यूडी-४० अर्धं बरोबर आहे. १९५३ सालची ही गोष्ट धातूवरचं पाणी हटवायलाच बनवली होती, नावातला ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेला फॉर्म्युला. पण त्यातला बराच भाग उडून जातो आणि मागे उरतो तो थर पातळ असतो, महिनोन्महिने टिकत नाही. म्हणून गाडी धुवा, उन्हात पूर्ण सुकवा, स्प्रेने सांध्यांमधलं पाणी काढा, पुसा आणि मग नट-बोल्ट, स्पोक, फ्रेमचे कोपरे यांवर मेणाचा किंवा लॅनोलिनचा (मेंढीच्या लोकरीतल्या मेणचट पदार्थाचा) थर द्या, चेनला चेन ल्यूब. आणि "सगळीकडे" तर मुळीच नको! डिस्क आणि ब्रेक पॅडवर एक थेंबही जाता कामा नये, पुढच्या वेळी ब्रेक लागणार नाही. डिस्कवर थोडा गंज आला तरी चार वेळा ब्रेक मारला की निघतो, तो राहू द्या.

मेसेजमध्ये नसलेल्या तीन गोष्टी. पेट्रोलची लोखंडी टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा, आत हवा कमी म्हणजे दव कमी. बॅटरी काढून घरात आणा, महिन्यातून एकदा व्होल्टेज बघा, साधी लेड-ॲसिड बॅटरी १२.४ च्या खाली दिसली की चार्जिंगला लावा. आणि सायलेन्सर गार झाल्यावर तोंडाला कापडाचा बोळा लावलात तर हँडलला एक लाल चिंधी बांधून ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी सेल्फ मारायच्या आधी बोळा काढायचं लक्षात येईल.