‘पाऊस समुद्रावरून येतो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

थरच्या वाळवंटातलं मूळचं गवत आणि झाडं राखा, कारण तिथल्या पावसाशी आणि उन्हाशी त्यांचा संबंध आहे, असं मी एका लेखात लिहिलं होतं. त्याखाली एका वाचकाने लिहिलं आहे : "पाऊस समुद्रावरून येतो, झाडांवरून नाही. पुण्यात पंख्याखाली बसून वाळवंटावर हळवे निबंध लिहिणं सोपं असतं. कालव्याची लांबीही चुकली आहे. आणि सौरप्रकल्पांवर अवाक्षर नाही, कारण ते सोयीचं नाही."

आधी लांबी. मी लिहिलेला 445 किलोमीटर हा राजस्थानातल्या इंदिरा गांधी मुख्य कालव्याचा आकडा. पंजाबातल्या हरिकेपासून त्याला पाणी आणणारा 204 किलोमीटरचा फीडर कालवा धरला की 649 होतात. फीडरचा उल्लेख हवा होता, मान्य.

आता ‘पंख्याखाली बसून’. माझे वडील सैन्यात होते, माझी शाळेची बरीच वर्षं बिकानेरला गेली. काळी-पिवळी आंधी उठली की आई दारं-खिडक्यांना ओल्या चादरी लावायची, तरी रात्री जेवताना दाताखाली वाळू कचकचायची. सेवण गवत टिकलेल्या गोचरावर, म्हणजे गावाच्या चराऊ रानावर, आणि नांगरून उघड्या टाकलेल्या रानावर आंधी सारखी नसते, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. तुम्ही एक तरी उन्हाळा तिथे काढला आहे का? काढला असता तर ‘हळवे’ हा शब्द लिहिताना हात अडखळला असता. माझं म्हणणं खोडा, जरूर खोडा; मी कुठे बसतो यावरून ते खोटं ठरत नाही.

राहता राहिलं ते पहिलं वाक्य. पाऊस समुद्रावरून येतो, हे मी नाकारलं कुठे? थरचा पाऊस मोसमी वाऱ्यांचाच आहे. ती हवा जमिनीवर आल्यावर तिचं पुढे काय होतं, हा माझा विषय होता. एमआयटीचे हवामानशास्त्रज्ञ ज्यूल चार्नी यांनी 1975 मध्ये साहेलच्या, म्हणजे आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला लागून असलेल्या पट्ट्यातल्या, दुष्काळाबद्दल एक मांडणी केली. अतिचराईने गवत गेलं की फिकट वाळू उघडी पडते आणि जास्त ऊन परत फेकते. मग जमीन आणि तिच्यावरची हवा मिळून जेवढी उष्णता गमावतात तेवढी त्यांना मिळत नाही. ती तूट भरायला वरची हवा खाली उतरते आणि उतरत्या हवेत ढग वाढत नाहीत. गवत आणखी खुरटतं, फेरा चालू राहतो. साहेलच्या दुष्काळामागे मुख्य कारण समुद्राच्या तापमानाचं होतं, हे पुढच्या अभ्यासांत दिसलं. पण जमिनीने तो दुष्काळ लांबवला आणि तीव्र केला, हेही त्याच अभ्यासांतून पुढे आलं. तुमच्या एका ओळीत हा दुसरा भाग येतच नाही.

आणि हिरवं केलं की सगळं गार, असंही मी म्हटलेलं नाही. गंगानगर-हनुमानगढकडे कालव्याचं पाणी शेतात आलं. उन्हातली बरीच उष्णता बाष्पीभवनात खर्ची पडते, दुपारचा पारा थोडा उतरतो. पण हवेतला दमटपणा वाढतो आणि अंगाला होणारा त्रास त्या प्रमाणात कमी होत नाही. जमिनीत पाणी साचून झालेली ‘सेम’ वेगळीच. इस्रायलच्या नेगेव्हच्या कडेला यातिरचं पाइनचं जंगल लावलं, तर त्याची गडद छत्री आजूबाजूच्या फिकट जमिनीपेक्षा जास्त ऊन शोषते. म्हणून तर मी जागोजागी झाडं लावा असं न लिहिता सेवण गवत, खेजडी म्हणजे शमीची झाडं आणि ओरण म्हणजे तिथल्या देवराया राखा असं लिहिलं. खेजडी आणि पाइन यांतला फरक न पाहता ‘झाडं’ म्हणून मोकळं होणं याला मी घाई म्हणतो.

सौरप्रकल्पांवर स्वतंत्र लेख लिहीन. तो विषय कंसात उरकण्याचा नाही, आणि तो टाळण्यात माझी कसली सोय आहे ते तुम्हीच सांगा.

धूळ, बाष्प आणि परत फेकलं जाणारं ऊन यांबद्दल तुमचं म्हणणं काय आहे, ते लिहा. मी मुद्द्याला मुद्द्याने उत्तर देईन. पंख्याबद्दल पुन्हा लिहिलंत तर ती प्रतिक्रिया प्रसिद्ध करणार नाही.